तोंडातली जखम आणि मधले आठवडे

तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कितवी स्टेज?’ उत्तर बहुतेक वेळा तिसरी किंवा चौथी असंच येतं. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाने २०१२ ते २०१६ या वर्षांतल्या नोंदींचा गोषवारा २०२० मध्ये प्रसिद्ध केला. डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरचे ६६.६ टक्के रुग्ण निदान झालं तेव्हाच पुढच्या अवस्थेत होते, म्हणजे आजार मूळ जागेच्या आसपास बराच पसरलेला होता, असं त्यात दिसतं. तिघांतले दोघे. आपल्याकडच्या रुग्णालयांचे आकडे वर्षानुवर्षं याच्याच आसपास फिरत आले आहेत.

या आकड्याचा अर्थ घरापुरता सांगायचा तर असा. पहिल्या स्टेजला सापडलेल्या तोंडाच्या कॅन्सरचं काम पुष्कळदा एका शस्त्रक्रियेत भागतं आणि दहापैकी सात-आठ जण पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. पुढच्या स्टेजला शस्त्रक्रिया, मग ज्याला आपल्याकडे ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात ते रेडिएशन, सोबत केमो असं सगळं करावं लागतं, आणि तरीही पाच वर्षं गाठणारे निम्म्याहून कमी राहतात. खर्चाचंही तसंच. टाटा मेमोरियलमधल्या एका अभ्यासात तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या उपचाराचा खर्च सुमारे १ लाख १७ हजार रुपये आणि पुढच्या अवस्थेतल्या उपचाराचा सुमारे २ लाख ३ हजार रुपये निघाला होता. प्रवास, राहणं, बुडालेली मजुरी हे वेगळंच.

स्टेज ही एका दिवसात ठरत नाही. जखम पहिल्यांदा जिभेला लागली तो दिवस आणि तुकडा काढून तपासायला पाठवला तो दिवस, यांच्यामध्ये जे आठवडे किंवा महिने जातात, त्यात ती बऱ्याच अंशी ठरत जाते. काही कॅन्सर मुळातच झपाट्याने वाढतात आणि वेळेत गेलेल्यालाही पुढची स्टेज निघते. त्यात रुग्णाला दोष देण्यासारखं काही नसतं. पण बहुतेकांच्या बाबतीत ते आठवडे कुठे गेले हे नंतर बोट ठेवून सांगता येतं. कोरेगाव तालुक्यातल्या घरांनी ते आठवडे कसे वाचवावेत, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आजार आरशात दिसतो, तरी उशीर होतो

डोकं आणि मानेचे कॅन्सर म्हणजे ओठ, गालाची आतली बाजू, हिरड्या, जीभ, टाळू, टॉन्सिल, घसा, स्वरयंत्र, नाक आणि त्याच्या आजूबाजूच्या पोकळ्या इथले कॅन्सर. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण निघतात आणि ८० हजारांच्या घरात मृत्यू होतात. महाराष्ट्रात यातला मोठा वाटा तोंडाच्या कॅन्सरचा असण्याचं कारण उघड आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय आढळली. त्यात बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे किंवा लावणारे तब्बल २४.४ टक्के. आपल्या राज्याचा तंबाखू तोंडात राहतो, गालात आणि दाढेखाली तासन्‌तास धरला जातो, त्यामुळे त्याची जखमही तिथेच होते.

फुफ्फुस किंवा पोट उघडून बघता येत नाही. तोंड बघता येतं. एक आरसा आणि उन्हाचा उजेड पुरतो. जो कॅन्सर डोळ्यांना दिसतो आणि बोटाला लागतो, तोच आपल्याकडे तीनपैकी दोन वेळा उशिरा सापडतो, ही गोष्ट मला फार जिव्हारी लागते. इथे एक्स-रे किंवा स्कॅन नसल्यामुळे अडत नाही. जखम दिसल्यावर काय करायचं हे घरात ठरलेलं नसल्यामुळे अडतं.

कोणी बघायचं? तंबाखू-चुना मळणाऱ्यांनी, मावा चघळणाऱ्यांनी, विडी ओढणाऱ्यांनी तर बघायचंच. राज्यात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीवरही आली. पण सुपारी, चुना आणि तंबाखू एकत्र घोटलेला मावा काही हद्दपार झाला नाही. दारू सोबत असेल तर धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी चढतो. बायकांनी मात्र इथे विशेष लक्ष द्यायला हवं. सातारा-सांगलीकडे सकाळी आणि दुपारी मशेरी लावणाऱ्या आजी, मावश्या, सुना घरोघर आहेत. डॉक्टरांनी विचारलं तर त्या तंबाखूला ‘नाही’ म्हणतात, कारण मशेरीला त्या तंबाखू धरतच नाहीत. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच. हिरडीला दिवसातून दोन-तीनदा चोळला जातो तो तंबाखूच. आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात गेलात तर मशेरीचं नाव घेऊन सांगा, आणि आजी सांगत नसेल तर सुनेने किंवा नातवाने सांगा.

नुसती सुपारी खाणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखू नसली तरी, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत बसवलं आहे. सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू पांढुरकी आणि ताठ होते, तिखट सोसत नाही, तोंड कमी कमी उघडायला लागतं. या आजाराचं वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केलं होतं, म्हणजे तो आपल्याकडे नवा नाही. तोंड पूर्ण उघडेनासं झालेला माणूस कॅन्सरच्या उंबऱ्याजवळ आहे असं समजून त्याची नियमित तपासणी व्हायला हवी.

शरद पवारांचं मूळ घराणं आपल्या तालुक्यातल्या नांदवळचं. २००४ मध्ये त्यांच्यावर तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ ते सार्वजनिक कामात राहिले. सुपारीच्या सवयीबद्दल आपल्याला कोणी चाळीस वर्षांपूर्वी सावध केलं असतं तर बरं झालं असतं, असं ते जाहीरपणे बोलले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील मात्र १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी याच आजाराने गेले. आपल्या भागात ही दोन्ही नावं प्रत्येक घरात माहीत आहेत. तंबाखूबद्दल मुलांशी बोलायचं असेल तर या दोघांची गोष्ट सांगा. पोस्टरवरच्या अनोळखी चेहऱ्यापेक्षा ती लवकर पोहोचते.

स्टेज म्हणजे नेमकं काय

डॉक्टर तीन गोष्टी बघतात. मूळ गाठ किती मोठी आणि किती खोल आहे, मानेतल्या गाठींमध्ये आजार उतरला आहे का, आणि फुफ्फुसासारख्या दूरच्या अवयवात गेला आहे का. दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि पाच मिलिमीटरपेक्षा खोल न गेलेली तोंडातली गाठ, मान साफ असेल तर, पहिल्या स्टेजमध्ये येते. मानेत एक छोटी गाठ लागलेली असली तरी स्टेज तिसरीवर जाते. म्हणून तोंडातली जखम छोटी आहे, त्यात काय, असं म्हणून मान न तपासता थांबू नका.

आपल्याकडे चौथी स्टेज इतकी का निघते, याचं एक कारण शरीराच्या रचनेत आहे. तंबाखूचा बार जिथे धरतात ती गाल आणि खालच्या हिरडीमधली खाच जबड्याच्या हाडाला अगदी लागून असते. तिथली जखम थोडी वाढली की हाडात शिरते, आणि हाड पोखरलं गेलं की आकार कितीही असो, स्टेज थेट चौथी लिहिली जाते. जिभेवरच्या जखमेला एवढ्या लवकर हाड लागत नाही. याचा अर्थ असा की हिरडीजवळची जखम असलेल्या माणसाकडे वेळ सगळ्यांत कमी असतो.

याच कारणामुळे ‘चौथी स्टेज’ ऐकून हातपाय गाळू नयेत. फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या कॅन्सरची चौथी स्टेज म्हणजे आजार अंगभर पसरलेला असतो. डोकं आणि मानेच्या कॅन्सरमध्ये तसं नसतं. इथे चौथ्या स्टेजचे तीन पोटभाग आहेत आणि पहिल्या पोटभागातल्या पुष्कळ रुग्णांची शस्त्रक्रिया होऊ शकते, त्यातले कित्येक बरेही होतात. ‘चौथी आहे, आता घरी न्या आणि सेवा करा’ असं गावात कोणी म्हणालं, मग तो कितीही शिकलेला असो, तर ऐकू नका. चौथीतली कोणती, हाडापुरती आहे का, ऑपरेशन होईल का, हे कॅन्सरच्या सर्जनला विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका. गेल्या काही वर्षांत मी ज्या घरांशी बोललो, त्यातल्या काहींनी हा एक शब्द ऐकून उपचारच केले नाहीत, आणि त्याचं दुःख त्यांना अजून आहे.

आकडे वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१८ पासून स्टेजचे नियम बदलले आणि तोंडाच्या गाठीची खोली मोजायला सुरुवात झाली. पूर्वी पहिल्या स्टेजमध्ये बसणाऱ्या काही गाठी खोलीमुळे आता दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्टेजमध्ये जातात. त्यामुळे २०१५ चा तक्ता आणि आजचा तक्ता शेजारी ठेवून ‘स्टेज वाढली’ असं सरळ म्हणता येत नाही. पुण्या-मुंबईतून किंवा परदेशातून नातेवाईक जे लेख पाठवतात, त्यांत विषाणूमुळे होणाऱ्या टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरची चर्चा असते. युरोप-अमेरिकेत तो वाढतो आहे, त्याचे स्टेजचे नियमही निराळे आहेत आणि त्यात उपचारांना यश जास्त येतं. आपल्या गालाच्या आणि हिरडीच्या कॅन्सरला ते आकडे लावू नका.

बार्शीत काय घडलं

उशीर कमी करता येतो का, याचं उत्तर आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातच आहे. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांमध्ये कार्यकर्ते ठरावीक काळाने जात, सरपंच, शिक्षक, दाई, दुकानदार यांच्याशी बोलत, कोणाला न भरणारी जखम आहे का, गाठ आहे का, अंगावरून जातं का, असं विचारत आणि लक्षणं असलेल्यांना तपासणीला पाठवत. हे काम मुळात नोंदी करण्याचं होतं. पण पुन्हा पुन्हा विचारलं गेल्यामुळे लोकांना लक्षणं कळू लागली. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या स्टेजला येऊ लागले, असं तिथल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. नेमाने कोणीतरी विचारत होतं, एवढंच.

तोंडाच्या कॅन्सरबाबत केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षण घेतलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन उजेडात तोंड बघत. २००५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. ज्यांना सवय नाही अशांचं तोंड तपासून तसा फायदा दिसला नाही. म्हणून वेळ थोडा असेल तर घरातल्या तंबाखू, मावा, मशेरी आणि दारूवाल्यांचं तोंड आधी बघा.

हीच तपासणी आता सरकारी कार्यक्रमात आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची तोंड तपासणी उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत व्हायची आहे. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरतात त्यात तोंडातली जखम किंवा चट्टा, तोंड उघडताना त्रास, आवाजातला बदल यांचे प्रश्न असतात. बहुतेक घरांत त्या प्रश्नांना सरसकट ‘नाही, नाही’ असं उत्तर मिळतं आणि फॉर्म पुढे सरकतो. पुढच्या वेळी ताई आल्या की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा आणि खरं सांगा. ज्या गावात तोंड प्रत्यक्ष बघितलं जात नसेल, तिथे ग्रामसभेत त्याची मागणी करा.

घरी तोंड कसं बघायचं

महिन्यातून एकदा, दात घासून, चूळ भरून, कवळी असेल तर काढून, खिडकीजवळ किंवा अंगणात आरसा घेऊन उभं राहा. मोबाइलचा टॉर्चही चालतो. आधी दोन्ही ओठ उलटून बघा. मग बोटाने गाल बाहेर ओढून आतली बाजू आणि हिरडीची खाच शेवटच्या दाढेपर्यंत बघा. तंबाखू जिथे धरता ती बाजू दोनदा बघा. जीभ बाहेर काढा, स्वच्छ फडक्यात धरून एकेका बाजूला ओढा, कडा बघा. जीभ टाळूला लावून खालची जागा बघा. मान मागे करून टाळू बघा. शेवटी स्वच्छ बोट सगळीकडे फिरवा, कारण डोळ्याला न दिसणारी कडक जागा बोटाला लागते. मग स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर तोंड उघडणं कमी झालं आहे. मान दोन्ही हातांनी जबड्याखालपासून गळपट्टीच्या हाडापर्यंत चाचपा आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा.

काय सापडलं तर थांबायचं नाही? न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा), कडक लागणारी जागा, कारण नसताना हलायला लागलेला दात, कवळी अचानक बसेनाशी होणं, जिभेची हालचाल अडणं. तोंडाबाहेर बघायचं तर तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, गिळताना अडकणं, मानेतली गाठ, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा नाक चोंदणं, आणि कान साफ असूनही एकाच बाजूचा कान दुखणं. हे शेवटचं लक्षण फार फसवं असतं. घशातल्या किंवा जिभेच्या मुळाच्या आजाराची कळ कानात उठते, माणूस कानात थेंब घालत बसतो आणि घसा कोणी बघतच नाही.

स्वरयंत्राचा कॅन्सर या सगळ्यांत एका दृष्टीने बरा, कारण स्वरतंतूवर एवढीशी गाठ आली तरी आवाज लगेच बदलतो. त्याच वेळी गेलं तर लेसरने किंवा नुसत्या रेडिएशनने काम भागतं आणि आवाजही राहतो. भजनी मंडळातला, बाजारात ओरडून भाव सांगणारा, वर्गात शिकवणारा माणूस ‘घसा बसलाय’ म्हणून दोन-तीन महिने काढतो. त्याला घरच्यांनी उठवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यायला हवं.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीला दुखत नाही. कॅन्सर असता तर दुखलं असतं, या एका समजुतीने जेवढे आठवडे खाल्ले तेवढे दुसऱ्या कशानेच खाल्ले नसतील. दुखायला लागतं तेव्हा आजार खोल गेलेला असतो.

आठवडे कुठे जातात

जखम दिसली त्या दिवशी कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करा आणि तिथून तीन आठवडे मोजून दुसरी खूण करा. तंबाखू, मावा, मशेरी त्या दिवसापासून बंद. साधी तोंड आल्याची जखम असेल तर दोन आठवड्यांच्या आत भरते. दुसऱ्या खुणेपर्यंत भरली नाही तर तपासणीला जायचं, मग उसाला तोड आलेली असो, आल्याची काढणी असो की भाचीचं लग्न. सुगी झाल्यावर बघू म्हणणारा माणूस सहसा तीन महिन्यांनी जातो.

दुसरा उशीर मेडिकलच्या दुकानात होतो. ‘तोंड आलंय’ म्हटलं की बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि वर लावायची ट्यूब मिळते. पहिल्यांदा ते ठीक. तीच ट्यूब दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली तर दुकानातून परत फिरा आणि डॉक्टरांकडे जा. वेदना बधिर करणारी मलमं तर जखम तशीच ठेवून तिची आठवण पुसतात.

तिसरा उशीर दवाखान्यात होतो आणि तो टाळणं रुग्णाच्याही हातात आहे. दाताची टोचणारी कड घासून दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर तुकडा काढून तपासायला सांगा. तंबाखू खाणाऱ्याचा दात हलत असेल तर तो उपटण्याआधी हिरडी नीट बघून घ्यायला आणि एक्स-रे काढायला सांगा. हिरडीतल्या कॅन्सरने दात हलला असेल आणि तोच उपटला तर ती खळगी भरत नाही आणि आजाराला हाडात उतरायला वाट मिळते. मानेतल्या गाठीबाबत आपल्या भागात टीबी धरून चालायची पद्धत आहे. टीबी असूही शकतो. पण सुई टोचून तपासणी झाल्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू करू नका, आणि तोंड, घसा न बघता मानेतली गाठ कापून काढायला संमती देऊ नका. मूळ आजार घशात असेल तर तशी अर्धवट काढलेली गाठ पुढची शस्त्रक्रिया अवघड करते.

आणि तुकडा काढण्याची भीती. ‘लोखंड लागलं की कॅन्सर भडकतो’ हे वाक्य तालुक्यात फिरत असतं. तसं होत नाही. ही समजूत का पडली तेही समजण्यासारखं आहे. तुकडा काढेपर्यंत पुष्कळांचा आजार आधीच वाढलेला असतो, त्यानंतर घरात महिनाभर विचार चालतो, कोणी झाडपाला देतो, आणि त्या महिन्यात आजार आणखी वाढतो. दोष मात्र सुईला आणि कात्रीला जातो. तुकड्याच्या रिपोर्टशिवाय कुठलाच कॅन्सर सर्जन उपचार सुरू करत नाही, म्हणून हे काम पुढे ढकलून काही मिळत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मार्च ते मे या काळात देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांमध्ये नव्या रुग्णांची नोंदणी आधीच्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी घसरली होती. आजार थांबलेला नव्हता. गाडी नसणं, सोबत नसणं, पैसे नसणं या कारणांनी आपल्या गावांत तशी छोटी टाळेबंदी एरवीही चालूच असते, विशेषतः एकट्या बायकांसाठी. म्हाताऱ्या आईला घेऊन कोण जाणार, हे जखम दिसली त्याच आठवड्यात ठरवा.

कोरेगावातून कुठे जायचं

पहिली पायरी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, कोरेगावचं सरकारी रुग्णालय किंवा दातांचे डॉक्टर. दंतवैद्यांना लोक फक्त दातांसाठी धरतात, पण तोंडाची जखम ओळखायला ते चांगले. तिथून सातारा वीसेक किलोमीटर. क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात दंत आणि कान-नाक-घसा विभाग बघून तुकडा काढण्याचं काम होऊ शकतं; साताऱ्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. निदान झाल्यावर कराडचं कृष्णा रुग्णालय, मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय, पुण्याचं ससून किंवा मुंबईचं टाटा असे मार्ग आहेत. कोरेगाव आणि रहिमतपूर ही दोन्ही स्टेशनं पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे मिरजेला आणि पुण्याला जाणं सोयीचं पडतं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडेमाफी आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत; त्यासाठी डॉक्टरांचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो.

टाटालाच जायचं म्हणून नंबर लागायची वाट बघत दोन महिने घालवू नका. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्हीची सोय असलेलं, नेहमी हे काम करणारं जवळचं केंद्र चार-सहा आठवड्यांत उपचार देत असेल तर ते निवडा. हवं तर टाटाचं मत घ्या. त्यासाठी तुकड्याची काच आणि मेणाचा ठोकळा पॅथॉलॉजी लॅबमधून मागून घ्या आणि जपून ठेवा. दुसऱ्या मतासाठी ते मागतात, नसेल तर तपासणी पुन्हा करावी लागते.

पैशांबद्दल आधी चौकशी करा, मग जमीन किंवा दागिन्यांचा विषय काढा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता सगळ्या रेशनकार्डधारकांना, पांढरं कार्ड असलं तरी, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत आणि कॅन्सरची शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो त्यात येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात गेलात की दाराजवळ आरोग्यमित्राचं टेबल असतं. पैसे भरण्याआधी त्याला भेटा. जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे हे १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या मोफत क्रमांकांवर कळतं.

सर्जनसमोर बसाल तेव्हा कितवी स्टेज एवढंच विचारून उठू नका. गाठ किती खोल आहे, हाडाला लागली आहे का, मानेतल्या गाठींचं काय, ऑपरेशननंतर गिळणं आणि बोलणं कसं राहील, रेडिएशन लागेल का आणि ते कुठे घ्यायचं, हे वहीत लिहून न्या. तोंडातली गाठ छोटी असली तरी मानेचंही ऑपरेशन करू असं ते म्हणाले तर घाबरू नका. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या स्टेजला मान त्याच वेळी साफ केलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते, आणि गाठ आल्यावर मान केलेल्यांपैकी ६७.५ टक्के. रेडिएशन सांगितलं असेल तर शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं आणि मध्ये खंड पडू नये. यात्रा, पंचमी, मुलांची परीक्षा यांसाठी दोन-चार दिवस घरी येऊन जाण्याचा मोह होतो. तो खंड उपचाराचा परिणाम कमी करतो, म्हणून राहण्याची सोय आधीच करून ठेवा.

उपचार संपल्यावर पहिलं वर्षभर दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते, पुढे अंतर वाढत जातं. त्याच तोंडात दुसरीकडे नवी जखम होऊ शकते, म्हणून या फेऱ्या चुकवू नयेत आणि तंबाखूही परत सुरू होऊ नये. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे. तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो. रुग्णाला तपासणीला नेताना घरातल्या ज्यांना तीच सवय आहे त्यांनाही सोबत न्या. ज्या घरात वडील मावा खातात तिथे मोठा मुलगाही खात असतो, आणि सासू मशेरी लावते तिथे सूनही लावते. त्यांचं तोंड त्याच फेरीत बघून घ्या.